पाशाच्या कपाळावरचा भंडारा

चतुरा तुर्कस्तानात जाऊन दोन वर्षं होत आली होती, तरी पुंडलिकनगरच्या गल्लीत ती नेमकी कुठं गेली आहे हे कुणाला धड सांगता यायचं नाही. बहुतेक जण दुबईच म्हणत. मग तिची आई, वच्छलाबाई, भाजीची पिशवी खाली ठेवून दुरुस्ती करायची, "दुबई नाय हो, तुर्की. बर्फ पडतो तिथं." बर्फ म्हटलं की समोरचा माणूस गप्प व्हायचा.

चतुराचे वडील मल्हारराव वाळूजच्या एका कारखान्यात लेथ मशीनवर होते. मेंढरांची काठी सोडून शहरात आलेली त्यांची पहिलीच पिढी. आजा कडूबा मात्र अजून लासूर स्टेशनच्या पुढं माळावर साठ-सत्तर मेंढरं राखून होता. त्यामुळं चतुराचं लहानपण शाळेचे दिवस शहरात आणि सुट्ट्या मेंढरांमागं, असं वाटलं गेलं. दहावीत असतानाच तिला अडलेली मेंढी मोकळी करता यायची, आणि ही गोष्ट ती वर्गातल्या मैत्रिणींना कधी सांगायची नाही. बारावीनंतर तिनं तुर्कस्तान सरकारच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरला, तो मोबाइलवर, आणि घरी सांगितलं ते निकाल लागल्यावर. पशुविज्ञानाची पदवी, कोन्या नावाच्या शहरात. पहिलं वर्ष नुसतं भाषेचं.

भाषेनं तिला फार छळलं नाही. क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, अगदी मराठीसारखं. शिवाय किताब, कलम, साबण, दुकान, खबर असले कितीतरी शब्द तिथं थोडे वाकडे होऊन भेटायचे. छळलं ते रोजच्या जगण्यानं. होस्टेलच्या जेवणात भातासोबतही पाव. चहात दूध नाही, आणि तो इवल्याशा काचेच्या पेल्यात. पहिल्यांदा एका मैत्रिणीच्या घरी गेली, तर पेला रिकामा झाला की तिची आई पुन्हा भरायची. नको म्हणणं बरं दिसणार नाही म्हणून चतुरा पीत राहिली. नऊ पेले झाल्यावर मैत्रिणीनं हसत हसत तिचा चमचा उचलून पेल्यावर आडवा ठेवला. बस्स, एवढंच करायचं होतं. त्या रात्री तिला डोळ्याला डोळा लागला नाही.

आणखी एक गोष्ट तिला अवघड गेली. तिथं काम करणाऱ्या माणसाजवळून जाताना काहीतरी म्हणायची रीत आहे. झाडूवाला असो, दुकानदार असो, खड्डा खणणारा असो. म्हणायचं, तुमचं काम हलकं होवो. चतुराला सुरुवातीला लाज वाटायची. अनोळखी माणसाशी आपण होऊन काय बोलायचं? तिच्या लक्षात आलं की बाबा तीस वर्षं लेथवर उभे आहेत, पण त्यांना असं कुणी येता-जाता म्हटल्याचं तिनं कधी ऐकलं नव्हतं. सातव्या-आठव्या महिन्यात ती एका झाडूवाल्या बाईला ते म्हणाली. बाईनं मान वर करून, "सलामत रहा पोरी," म्हटलं, आणि चतुरा बसस्टॉपपर्यंत एकटीच हसत गेली.

तरीही दुसऱ्या वर्षाच्या अखेरीला तिची गाडी अडली. वर्गात बोलताना ती अडखळायची, तोंडी परीक्षेत येत असलेलं उत्तर घशातच राहायचं. दोन विषय राहिले. शिष्यवृत्तीच्या कचेरीतून पत्र आलं की उन्हाळ्यातलं तीस दिवसांचं प्रत्यक्ष काम पूर्ण झालं नाही, मालकाच्या सहीची वही जमा झाली नाही, तर पुढच्या वर्षाची शिष्यवृत्ती बंद. म्हणजे सामान बांधा आणि घरी चला. पुंडलिकनगरात तिच्या नावाची चर्चा करायला माणसं बसलेलीच होती.

बाकीची मुलं मोठ्या डेअरी कंपन्यांत गेली. चतुरानं मेंढपाळाचं घर मागितलं. सरांनी विचारलं, "तिथं मशीन नाही, एसी नाही. जमेल?" ती म्हणाली, "सर, तिथंच जमेल."

घर कोन्यापासून दीड तासावर, सपाट कोरड्या पठारावर होतं. पठार बघून तिला गंगापूरकडचा माळ आठवला, फक्त बाभळी नव्हत्या. घरात दोन माणसं. म्हातारी साती आणि तिचा मुलगा युनूस. युनूसची बायको-मुलं शाळेपायी कोन्यात राहायची, सुट्टी लागली की येणार होती. साती हे नाव तिच्या आईबापानं मुद्दाम ठेवलं होतं. तिच्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून ही पोर पिराला विकली असं म्हणून नाव ठेवलं 'विकलेली'. चतुरानं ते ऐकलं आणि म्हणाली, "माझ्या आज्याचं नाव कडूबा. म्हणजे कडू. त्याच्याही आधीची जगली नव्हती." म्हातारीनं तिच्याकडं पहिल्यांदा नीट पाहिलं.

पण तेवढ्यानं काही ती वितळली नाही. "वहीवाली पोरगी," असं ती चतुराला म्हणायची. "लिहून घे, मेंढी चार पायांची असते."

चतुरा रोज कोकरांची वजनं करायची, कानातल्या बिल्ल्यांचे नंबर टिपायची. चौथ्या दिवशी कळपाचा मुख्य मेंढा लंगडायला लागला. मोठा, रुंद छातीचा, जाड शेपटीचा पांढरा मेंढा. नाव पाशा. सगळा कळप त्याच्याच वंशाचा. युनूस डॉक्टरला फोन लावत होता तोवर चतुरानं पाशाला आडवा पाडून त्याचं खूर मांडीवर घेतलं होतं. नखाच्या कडेला पू होता. तिनं सुरीनं वाढलेलं खूर तासलं, पू वाहू दिला, कोमट मिठाच्या पाण्यात पाय बुडवून धरला, आणि पट्टी बांधली. रोज दोनदा हेच.

साती दारात उभी राहून बघत होती. "हे विद्यापीठात शिकवतात?"

"नाही निने. हे आज्यानं." निने म्हणजे तिकडं आजी.

"मग विद्यापीठात काय शिकवतात?"

"ह्याला काय म्हणतात ते."

म्हातारी हसली. दात दोनच होते. त्या संध्याकाळी चहाचा पेला चतुराच्या पुढ्यात आपण होऊन आला, आणि नऊ पेल्यांची गोष्ट सांगून चतुरानं म्हातारीला पुन्हा हसवलं.

नवव्या दिवशी, रविवारी, पाशानं चारही पाय टेकले आणि धावत जाऊन एका तरण्या मेंढ्याला धडक दिली. युनूस बाजारात गेला होता, साती झोपली होती. चतुराला एवढा आनंद झाला की तिनं बॅग उघडून आईनं दिलेली पुडी काढली. भंडारा. पुंडलिकनगरजवळच्या सातारा गावच्या खंडोबाचा. रविवार देवाचा वार, मेंढरू दुखण्यातून उठलेलं. अशा वेळी आजा कपाळाला भंडारा लावतो हे तिनं शंभर वेळा पाहिलं होतं. तिनं पाशाच्या पांढऱ्या कपाळावर पिवळीधमक मूठ चोळली, हळूच येळकोट म्हटलं, आणि मागोमाग, ह्याला सुखी ठेव.

मग ती दोन पावलं मागं सरली आणि तिच्या मनात आलं, हे काय केलं आपण? दुसऱ्याचं घर, दुसऱ्याचा धर्म, बकरी ईद आठ दिवसांवर. विचारलं तर काय सांगणार? तिनं नळाजवळची हिरवी साबणाची वडी उचलली आणि पाशाचं कपाळ घासायला घेतलं.

हळद गेली नाही. लाल झाली.

आठवीच्या प्रयोगशाळेत बाईंनी दाखवलं होतं: हळदीला साबण, चुना, सोडा काहीही लागलं की रंग फिरतो. त्यातूनच कुंकू करतात. हे चतुराला पाठ होतं. पण हात आधी चालला, डोकं मागून आलं. जितकं घासावं तितकं कपाळ तांबूस, मेंदीसारखं. शेवटी तिनं नाद सोडला. वाटलं, वाळल्यावर फिकं पडेल.

साती उठून मेंढवाड्यात आली ती पाशापुढं थबकली. हातातली बादली खाली ठेवली आणि जमिनीवरच बसली.

"कुणी केलं हे?" तिचा आवाज बारीक झाला होता. चतुराला वाटलं, आता सांगावं. पण म्हातारी उत्तराची वाट बघत नव्हतीच. ती स्वतःशीच बोलत होती. "मी कुणालाच सांगितलं नव्हतं. कुणालाच नाही."

संध्याकाळी सातीनं युनूसला सगळं सांगितलं, आणि त्याच्याकडून ते चतुराला कळलं, चढ्या आवाजात. त्या मुलखात देवाला द्यायच्या मेंढ्याला मेंदी लावतात. मेंदी लागलेला मेंढा म्हणजे ठरलेला मेंढा. आणि दोन वर्षांपूर्वी बर्फावरून ट्रॅक्टर उलटून युनूस अकरा दिवस दवाखान्यात होता, तेव्हा सातीनं खिडकीशी उभं राहून मनातल्या मनात नवस बोलला होता: पोरगा पायावर चालू दे, मेंढा देईन. पोरगा चालला. पण चांगला म्हणावा असा मेंढा पाशाच, आणि त्याला द्यायला जीव होत नव्हता, म्हणून ती आज-उद्या करत राहिली. आता देवानंच आठवण करून दिली, स्वतःच्या हातानं मेंदी लावली, असं तिचं म्हणणं होतं. ईदच्या सकाळी पाशा जाणार.

"कळप बुडाला माझा!" युनूस अंगणात फेऱ्या मारत होता. "दहा वर्षं लागली हा वंश जमवायला. कुणा टवाळ पोरानं रंग फासला असेल, आणि हिला देव दिसतो!"

चतुरा चुलीजवळ बसली होती. तिच्या नखांत अजून पिवळं होतं. तिनं मुठी मिटल्या.

जरा वेळानं युनूस तिच्यापाशी येऊन उकिडवा बसला. आवाज खाली आणला. "बहिणी, एक काम कर. लंगडा मेंढा देवाला चालत नाही. तू सांग, पाय अजून बरा नाही, आतून सडलाय, वर्षभर लंगडणार. आईचा तुझ्यावर विश्वास आहे. आण तुझी वही, तीसही दिवसांच्या सह्या आत्ता करतो. वाटलं तर उद्याच घरी जा."

त्या वहीसाठी चतुरा तिथं आली होती. एक वाक्य बोलायचं, आणि वही भरली, शिष्यवृत्ती राहिली, पाशाही वाचला. कुणाचं नुकसान? ती वही आणायला खोलीत गेली आणि वहीऐवजी तिनं फोन उचलला. लासूरकडं तेव्हा जेवणं होऊन माणसं बाजेवर टेकली असणार.

"आज्या, झोपला का?"

"कशाचा झोपतो. शेजारच्या बन्सीचं कुत्रं वरडायलं. काय झालं गं? आवाज बसला व्हय तुझा?"

तिनं सगळं सांगितलं. कडूबा नुसता "हां, हां" म्हणत गेला. मग त्यानं घसा खाकरला.

"साबण कशाला लावला म्हणतो मी?"

"आज्या!"

"नाय, येडीच हायेस तू. भंडारा लावला तर लावला. चोरून कशाला पुसायचा? देवाला वाटलं आसंल, पोरीला लाज वाटायली माझी."

"आता काय करू ते सांग ना."

"त्या बाईचा नवस हाये. तिनं बोललाय, तिनं फेडायचा. त्यात तू कोण बोलणारी, न् तिचा पोरगा तरी कोण? पर तिला वाटायलं देवानं रंग लावला. देवानं नाय लावला, तू लावलास. तेवढं तिला ठावं पाहिजे. ठावं असून मेंढा दिला तर तिचा तिनं दिला."

"आणि हाकलून दिलं मला तर?"

"तर ये की घरी. मेंढरं हायेत."

फोन ठेवल्यावर चतुराला रडू आलं, कारण आज्यानं ते किती सहज म्हटलं होतं. आजा बोलावतोय म्हणून घरी जाणं वेगळं, आणि वही कोरी घेऊन पुंडलिकनगरच्या गल्लीत रिक्षातून उतरणं वेगळं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साती अंगणात मोठ्या परातीत कणीक मळत होती. युनूस पाण्याच्या हौदापाशी होता. चतुरा म्हातारीसमोर बसली आणि भंडाऱ्याची पुडी परातीशेजारी ठेवली.

"निने, पाशाला मेंदी कुणी लावली नाही. मी ही हळद लावली. आमच्या देवाची आहे. मग भीती वाटली म्हणून साबणानं धुतली, तर लाल झाली. आणि त्याचा पाय बरा आहे. पूर्ण बरा."

युनूसच्या हातातली बादली हौदाच्या काठावर आपटली.

सातीनं कणकेचे हात तसेच ठेवून पुडीकडं पाहिलं. चतुरानं चिमूटभर हळद स्वतःच्या तळहातावर घेतली, त्यावर ओला साबण चोळला. पिवळं होतं ते डोळ्यांदेखत तांबडं झालं. म्हातारीनं तिचा हात धरून उजेडाकडं वळवला, वास घेतला.

"लावताना काय म्हणालीस?"

"म्हणाले, ह्याला सुखी ठेव."

"पाशाला?"

"हो."

म्हातारीनं तिचा हात सोडला. मग एकदम भडकली. "काल सांगायला तोंड शिवलं होतं? रात्रभर मी बसून आहे! देव रागावला म्हणून रात्रभर थरथरत बसले! न विचारता माझ्या मेंढरांना हात लावतेस, वर मला म्हातारीला घाबरवतेस!" तिनं कणकेचा गोळा परातीत आपटला. "ईद होईपर्यंत मेंढवाड्यात पाय ठेवायचा नाही. ऊठ. चूल पेटव."

"आई, अगं तिनं..." युनूस मधे बोलायला गेला.

"तू बोलू नकोस! पाय सडलाय असं सांगायला तूच शिकवत होतास ना हिला? भिंत पातळ आहे. मी म्हातारी आहे, बहिरी नाही."

युनूस बादली उचलून मेंढवाड्याकडं निघून गेला.

पुढचे दोन दिवस साती चतुराशी कामापुरतं बोलली. लाटणं दे, लाकूड सार, एवढंच. चतुरा कागदासारख्या पातळ पोळ्या लाटायला शिकली. तिसऱ्या दिवशी तव्यावरची पोळी उलटताना म्हातारी स्वतःहून म्हणाली, "मी खिडकीत उभी राहून काय बोलले ते पुन्हा आठवून बघितलं. मेंढा देईन, असं बोलले. पाशा देईन असं नव्हते बोलले. पाशा हे माझ्या भीतीनं ठरवलं होतं. दोन वर्षं चुकवलं ना, म्हणून वाटलं आता सगळ्यात मोठा घेऊनच देव सोडणार."

"मग?"

"मग काय. तो तरणा, काळ्या तोंडाचा. चांगला आहे तोही. उद्या मीच मेंदी लावीन, माझ्या हातानं." तिनं पोळी चतुराच्या पुढ्यात टाकली. "खा. जळकी आहे, तू लाटलेली."

ईदला काळ्या तोंडाचा मेंढा गेला. नवसाचा म्हणून घरात त्यातला तुकडाही ठेवला नाही. सगळं मांस साती चतुराला बरोबर घेऊन गावातल्या गरिबांच्या घरी वाटून आली. दारोदारी चतुरानं तिथल्या रितीप्रमाणे म्हाताऱ्या माणसांचा हात ओठांना आणि कपाळाला लावला. फक्त पहिल्या दोन घरांत ती सवयीनं पायाशी वाकली, आणि लोकांनी घाबरून तिला उठवलं. साती हसून हसून भिंतीला टेकली.

पण वहीचा प्रश्न राहिलाच होता. मेंढवाड्याबाहेर गेलेले आठ दिवस कामाचे धरायचे की नाही? युनूस म्हणाला, धरू या, कोण बघतंय. साती म्हणाली, "तीस म्हणजे तीस. पोळ्या लाटणं तिच्या विद्यापीठात येत नाही." चतुरानंही मान डोलावली. सुट्टीत घरी जायचं तिकीट आठ दिवस पुढं ढकललं, मामेबहिणीचं लग्न हुकलं, आणि वच्छलाबाई फोनवर म्हणाली, "तिथली म्हातारी तुला लई जवळची झाली वाटतं." त्यात राग होता, पण थोडाच.

त्या वाढीव दिवसांत चतुरानं पाशाच्या सगळ्या कोकरांची वजनं जन्मापासूनच्या नोंदींशी लावून पाहिली आणि पुढं कुठला नर राखावा, कुठला नको, ते युनूसला कागदावर काढून दिलं. त्यानं तो कागद दोनदा वाचला आणि घडी घालून खिशात ठेवला.  दुसऱ्या दिवशी त्यानं तिच्याच खुणेप्रमाणे तीन कोकरं वेगळी बांधली होती.

तिसाव्या दिवशी युनूसनं सह्या केल्या. शेवटच्या पानावर मालकाचं मत लिहायला एक रकाना होता, बोटभर. युनूस पेन धरून बसला.

"काय लिहू?"

"लिही," साती म्हणाली, "पोरगी खोटं बोलत नाही. मग लिही, पण वेळेवर बोलत नाही. मग लिही, खूर चांगलं तासते, पोळी जाड लाटते, चहा नऊ पेले पिते..."

"आई, एका ओळीची जागा आहे!"

"मग खुराचं लिही," म्हातारी म्हणाली. "आणि वाचून दाखव. मला लिहिता-वाचता येत नाही म्हणून भलतंच लिहिशील."

युनूसनं लिहिलं, 'खूर चांगलं तासते,' आणि मोठ्यानं वाचलं. सातीनं ते परत एकदा वाचायला लावलं.